कढीपत्त्यावर जोडी लागलेली फुलपाखरं: सोडवायची का, आणि अंडी कुठे शोधायची?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. सांगलीत तुमच्या गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे. परवा सकाळी त्याच्या फांदीला दोन फुलपाखरं शेपटीला शेपटी जोडून लटकलेली दिसली. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा असलेलं. दुसरंही काळंच, पण मागच्या पंखांवर मधे पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. तासभर दोघं हलली नाहीत. अडकली असावीत म्हणून तुम्ही हात पुढे केलात, तर एक उडालं आणि दुसरं त्याच्या मागे उलटं लोंबकळत गेलं. त्यानंतर तीन दिवस तुम्ही पान न् पान तपासलंत, अंडं एकही सापडलं नाही. तुम्ही विचारताय की दोन वेगळ्या जातींची जोडी कशी लागली, तुमच्या हातून काही बिघडलं का, आणि पुढच्या वेळी जोडी मच्छरदाणीच्या कापडात ठेवली तर अंडी मिळतील का.

प्रश्न तीन आहेत, पण तळाशी काळजी एकच आहे: फुलपाखरं माझ्या दारात आली, तर त्यांची वीण वाढावी म्हणून मी काय करू? माझं उत्तर असं की त्या जोडीला तुमच्या हाताची गरज नव्हती. गरज लागते ती नंतर, मादी एकटी पान शोधत फिरते तेव्हा. साताऱ्याजवळ आमच्या परसात मी गेली बावीस वर्षं फुलपाखरांसाठी झाडं लावते आणि अंड्यापासून उडेपर्यंतची नोंद ठेवते, त्या अनुभवावरून हे सांगतेय. बाकी बरंच काही तुमच्या गच्चीवर अवलंबून आहे: ती कितव्या मजल्यावर आहे, शेजारी लिंबू-बेलाची झाडं आहेत का, कुंडीवर कधी औषध मारलंय का. म्हणून जिथे मी ‘बहुतेक’ म्हणेन तिथे तेवढंच धरा.

आधी जातीचं बघू. तुम्ही वर्णन केलेली दोन्ही फुलपाखरं एकाच जातीची आहेत, कॉमन मॉर्मन. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात आणि ते नाव अगदी शोभतं. नर एकाच तऱ्हेचा असतो, पांढऱ्या पट्ट्याचा. मादी मात्र तीन रूपांत सापडते. एक थेट नरासारखी, एक कॉमन रोजसारखी आणि एक क्रिमसन रोजसारखी. या रोज फुलपाखरांच्या अळ्या सापसंदाच्या जातीच्या वेलींवर वाढतात आणि वेलीतलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. मॉर्मनच्या मादीत हे विष नसतं, ती फक्त वेष घेते. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या रोजचं धड लाल असतं, मॉर्मन मादीचं काळं. पुढच्या वेळी आधी धडाकडे बघा आणि मग पंखांकडे. हा वेष ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या प्रतींमुळे ठरतो, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. कीटकांमध्ये नर नरासारखा आणि मादी मादीसारखी घडवण्याचं काम करणारं हे जनुक. मॉर्मनमध्ये मादीच्या पंखांची नक्कलही त्याच्याकडेच आहे. तीनही रूपांच्या माद्यांशी नर जोडी लावतो, तेव्हा तुम्ही पाहिलंत त्यात वावगं काही नव्हतं.

आता ही जोडी जमते कशी ते सांगते, कारण जाळीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. बऱ्याच जातींत नर माद्यांच्या काही दिवस आधी कोषातून बाहेर पडतात. मादी बाहेर आली की एक-दोन दिवसांतच बहुतेक वेळा तिची जोडी लागते, त्यामुळे आधी हजर असलेल्या नराचा फायदा होतो. नर दोन तऱ्हांनी मादी शोधतात. काही एखादी जागा धरून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे धावतात. डॅनेड एगफ्लायचा नर त्याच दगडावर, त्याच झुडपाच्या टोकावर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. काही जातींचे नर डोंगरमाथा गाठतात आणि माद्या तिथे वर येतात. सह्याद्रीत एखाद्या टेकडीच्या टोकावर दुपारी फुलपाखरांची झुंबड दिसते ती बऱ्याचदा यासाठीच. मॉर्मन दुसऱ्या प्रकारचा, फिरस्ता. तो बागेतून, कुंपणावरून, लिंबाच्या झाडांभोवतून सतत उडत असतो. मादी दिसली की तिच्या वर-खाली, मागे-पुढे फडफडत राहतो. मादी जागच्या जागी तरंगते, कधी लांब निघून जाते, कधी फांदीवर बसते. बसली आणि थांबली, तरच पुढचं घडतं. या सगळ्याला मोकळी जागा आणि ऊन लागतं.

मादीचा नकार बघायचा असेल तर पिवळी आणि पांढरी फुलपाखरं बघा. जोडी आधीच लागलेली मादी नर जवळ आला की पंख सपाट पसरते आणि पोटाचं टोक सरळ वर उभं करते. त्या अवस्थेत नराला काही करता येत नाही. थोडा वेळ घिरट्या घालून तो निघून जातो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मादी आजारी आहे असंच मला वाटलं होतं. तुमच्या बागेत शेंगाळू झाडं किंवा टाकळा असेल तर पावसाळ्यात हे दृश्य हमखास दिसेल.

वासाचंही मोठं काम आहे, आणि ते सगळ्यात चांगलं दिसतं प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या कुळात. पावसाळा सरताना खुळखुळ्याच्या सुकत आलेल्या झाडांवर ही फुलपाखरं चिकटून बसतात, खरवडतात, सोंड लावून काहीतरी ओढून घेतात. त्यात बहुतांशी नर असतात. त्या झाडातली अल्कलॉइड द्रव्यं ते घेतात आणि त्यापासून मादीला रिझवणारा वास तयार करतात. नराच्या मागच्या पंखावर या वासाची छोटी काळी पिशवी असते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधे चार काळे ठिपके दिसले तर नर, तीन दिसले तर मादी, कारण चौथा ठिपका म्हणजेच ती पिशवी. पोटाच्या टोकातून केसांचे झुबके बाहेर काढून तो मादीभोवती हा वास पसरवतो.

आता प्रत्यक्ष जोडीकडे येऊ. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे दोन भाग असतात. त्यांनी तो मादीच्या पोटाचं टोक घट्ट धरतो आणि मग दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना होतात. मॉर्मनच्याच जवळच्या नात्यातल्या एका आशियाई फुलपाखरात जपानच्या केंतारो अरिकावा यांना १९८० साली फार विलक्षण गोष्ट सापडली: पोटाच्या अगदी टोकाला, जननेंद्रियांवरच, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी. पकड नीट बसली की तिथला उजेड झाकला जातो आणि नराला जोडी बरोबर लागल्याचं कळतं. मादी त्याच पेशींनी अंडं घालायचा अवयव बाहेर आला की नाही हे ओळखते. फुलपाखराच्या पाठीमागे खरोखरच नजर असते, हे वाचल्यापासून मी जोडी बघताना सावलीसुद्धा पडू देत नाही.

पकड बसल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ नर काय करतो, तर मादीच्या पोटातल्या एका पिशवीत एक पुडी बांधतो. तिच्यात शुक्राणू असतात, शिवाय प्रथिनं आणि क्षार. पावसाळ्यात ओल्या चिखलावर, गोठ्याजवळच्या मुतारीच्या ओलीवर फुलपाखरांचे थवे बसतात ना, ते बहुतेक तरुण नर असतात. चिखलातलं मीठ ते शोषतात आणि त्यातलं काही या पुडीतून मादीला जातं, तिथून पुढे अंड्यांना. शुक्राणूही दोन तऱ्हांचे असतात. एकांत केंद्रक असतं आणि अंडं फळतं ते त्यांच्यामुळे. दुसऱ्यांत केंद्रकच नसतं, आणि संख्येने हेच कितीतरी जास्त असतात. ही पुडी बांधायला वेळ लागतो. मोनार्कसारख्या जातीत तर संध्याकाळी लागलेली जोडी रात्र उलटली तरी सुटत नाही.

म्हणून जोडी कधीही सोडवू नये. सुरुवातीच्या वर्षांत मी हे केलंय. तीन तास झाले म्हणून लिंबावरच्या फुलपाखरांची जोडी बोटांनी हळूच ओढली. मादीच्या पोटाचं टोक फाटलं, हिरवट थेंब आला आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. तो थेंब अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या हाताने तसं काही झालेलं नाही. धोका दिसला की जोडीतलं एक जण दुसऱ्याला घेऊन उडतं, ही त्यांची नेहमीची रीत. कोण उडणार आणि कोण लोंबकळणार हे कुळानुसार ठरतं. प्लेन टायगरच्या कुळात बहुधा नर उडतो. उडताना पकड सुटत नाही, तेव्हा तुमची जोडी दुसऱ्या फांदीवर बसून आपलं काम पुरं करून मोकळी झाली असणार.

काही जातींत नर जाताना मादीचं दार बंद करून जातो. हिमालयात, लडाखच्या उंचीवर उडणाऱ्या अपोलो फुलपाखरांत तो घट्ट होणारा द्रव सोडून मादीच्या पोटाखाली एक कडक टोपणच बसवतो, म्हणजे दुसऱ्या नराला वाव राहत नाही. ज्या जातींत असं टोपण नसतं तिथे मादी पुढे आणखी नरांशी जोडी लावू शकते. किती वेळा, हे जातीवर अवलंबून. मादीला मिलनासाठी एक आणि अंडी घालायला वेगळं असं दोन दारं असतात, त्यामुळे टोपण बसलं तरी अंडी घालायला अडचण येत नाही.

इथवरचं थोडक्यात: जोडी एकाच जातीची होती, तुमच्यामुळे नुकसान झालेलं नाही, आणि मादीने आता शुक्राणूंचा साठा पोटात घेतलेला आहे.

आणि अंडी का सापडली नाहीत, या तुमच्या कोड्याची गोम या साठ्यातच आहे. जोडी लागली तिथे अंडी मिळतील असं आपल्याला वाटतं, पण मिलनाची जागा आणि अंड्यांची जागा यांचा काही संबंध नसतो. अंडं मिलनाच्या वेळी फळत नाही. मादी शुक्राणू एका छोट्या पिशवीत जपून ठेवते आणि अंडं बाहेर पडताना, त्याच्या टोकाच्या बारीक छिद्रातून, एकेक अंडं फळवते. बहुतेक दुसऱ्या दिवसापासून ती अंडी घालायला लागते आणि मग जगेल तितके दिवस थोडी थोडी घालत हिंडते. तुमची मादी तुमच्या कढीपत्त्यावर परत येईलच असं नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या लिंबावर तिने केव्हाच अंडी घातली असतील. उलट तुम्ही कधीही न पाहिलेली एखादी मादी तुमच्या कुंडीवर येईल.

ती पान कसं निवडते हे बघण्यासारखं आहे. आमच्या कढीपत्त्यावर मी वीतभर अंतरावरून पाहिलेलं सांगते. मादी पंख फडफडवत पानावर टेकते, पण पूर्ण बसत नाही. पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप ठोके देते. तिच्या पायांना चव कळते. ठोक्यांनी पानाचा रस तिच्या पायांना लागतो आणि पान लिंबाच्या कुळातलं आहे का, हे ती चाखते. पान चुकीचं असलं तर क्षणात उडते. बरोबर असलं तर पोट खाली वाकवून टोक पानाला लावते, एक अंडं चिकटवते आणि निघते. सगळं दोन-तीन सेकंदांत. एका पानावर एक, फार तर जवळच्या पानावर दुसरं. अंडं मोहरीच्या दाण्याहून लहान, गोल, फिकट पिवळं मोत्यासारखं. ते जवळजवळ नेहमी पोपटी, लुसलुशीत पालवीवर सापडतं, कारण नुकत्या निघालेल्या अळीला जून पान चावत नाही.

तेव्हा तुमच्या कुंडीवर अंडी नसण्याचं माझ्या मते पहिलं कारण पालवी. तुमच्या झाडाची पानं गडद, जाड, जून असतील तर मादी टपटप करून निघून जाईल. दुसरं कारण औषध. नर्सरीतल्या रोपात मुळांतून शोषलं जाणारं इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक असू शकतं. पानं धुऊन ते जात नाही. एकदा मी नवीन रोप आणून थेट बागेत ठेवलं. त्यावरच्या अळ्या तिसऱ्या दिवशी काळ्या पडून गळल्या. तेव्हापासून नवीन रोपाची पानं खुडून टाकते, ते दोन-तीन महिने वेगळं ठेवते आणि पुढच्या पालवीवरच विश्वास ठेवते. कडुनिंबाचं तेलही या कुंडीवर मारू नका. तिसरं कारण, अंडी होती पण मुंग्यांनी किंवा कोळ्यांनी नेली. तीन दिवसांत तेही होतं.

अंडी सापडली आणि फुटली नाहीत, तर त्यांचा रंग बघा. चांगलं अंडं पावसाळ्यात तीन-चार दिवसांत फुटतं. आदल्या दिवशी ते काळपट दिसतं, कारण आतल्या अळीचं डोकं कवचातून दिसतं. पण सगळं अंडं एकसारखं काळं झालं, तसंच राहिलं आणि नंतर त्याला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, तर आतून अळीऐवजी ट्रायकोग्रामा नावाचे चिमुकले गांधीलमाशीच्या जातीचे कीटक निघाले. तुमच्या भागातले ऊसकरी यांना ओळखतात. खोडकिडीच्या अंड्यांवर सोडण्यासाठी ट्रायकोकार्ड लावतात ते हेच. मिलन नीट होऊनही अंडी वाया जाण्याचं आणखी एक कारण सूक्ष्म असतं. ग्रेट एगफ्लाय हे फुलपाखरू आपल्याकडेही दिसतं. पॅसिफिक महासागरातल्या सामोआच्या बेटांवर त्याच्यात वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे नर अंड्यातच मरत. २००१ साली तिथे शंभरात एक नर उरला होता. पाच-सहा वर्षांत, फार तर दहा पिढ्यांत, तिथल्या एका बेटावर नर पुन्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास आले, कारण जिवाणूला दाबणारं जनुक पसरलं.

हे सगळं सांगते ते तुम्ही प्रत्येक अंड्यासाठी झुरू नये म्हणून. मादीने शंभर अंडी घातली आणि जातीची संख्या दरवर्षी तेवढीच राहते असं धरलं, तर त्यातली सरासरी दोनच उडण्याइतकी मोठी होतात.

आता जाळीचं. मॉर्मन, लिंबावरचं फुलपाखरू, ब्ल्यू मॉर्मन ही आपली राणी पाकोळी, या मोठ्या पुच्छवाल्या कुळातल्या फुलपाखरांना जाळीत ठेवू नका. त्यांना उडत उडत जोडी लावायची असते. लहान जाळीत ती कापडावर आपटून पंख फाडून घेतात. काही पाळणारे दोघांना बोटांत धरून जोडी लावतात, पण मी ते करत नाही आणि कुणाला शिकवतही नाही. शिवाय काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, तेव्हा ओळख पक्की नसताना प्रौढ फुलपाखरू पकडू नये. माझा नियम असा: प्रौढाला हात नाही, अंड्याला आडोसा.

आडोसा द्यायचा असेल तर अंडं पानावरून काढू नका. डहाळीसकट कापा, पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवा, नाहीतर अळी देठावरून खाली सरकून पाण्यात बुडते. वर बारीक जाळी बांधा. अळी आधी अंड्याचं कवच खाते, मग पान. पहिल्या अवस्थांत ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटी हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल दुपेडी शिंग काढून उग्र वास सोडते. रोज विष्ठा झाडा, पाला ताजा ठेवा. साधारण महिन्याभरात कोषातून फुलपाखरू निघतं, थंडीत जास्त दिवस लागतात. पंख वाळायला दोन-तीन तास द्या आणि सकाळच्या उन्हात सोडा. एक सांगते, तुमच्या नात्यात कुणाची नागपुरी संत्र्याची रोपवाटिका असेल तर तिथे या कुळातली अळी रोपं बोडकी करते, त्यांना हा सल्ला देऊ नका. गच्चीवरच्या दोन कुंड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यातली एक स्वयंपाकाला, एक फुलपाखरांना, असं आम्ही घरात ठरवलंय.

तुमच्यासाठी आत्ता करण्याजोगं काम म्हणजे कढीपत्त्याच्या जून फांद्या वरून वीतभर छाटा, शेणखत घाला, ऊन येईल अशा जागी कुंडी ठेवा. नवी पालवी फुटली की ऊन तापायच्या आत, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, थोडा वेळ दारात उभ्या राहा. लाल चंद्रकोरींची काळ्या धडाची मादी आली आणि पानावर टपटप करू लागली, तर पुढे जाऊ नका, सावली कुंडीवर पडू देऊ नका. ती गेल्यावर सगळ्यात कोवळं पान उलटंपालटं करून बघा.